सव्वा महिन्याचं अळणी

माझ्या दादाने दहावीनंतर शाळा सोडली, म्हणून मी पदवीधर झाले. कोणी माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं की मी हे वाक्य आधी सांगते. लोकांना तो विनय वाटतो. पण घडलं ते तसंच.

आमचं गाव बाळापूरपासून सहा-सात किलोमीटरवर. घरची अडीच एकर काळी जमीन, एक विहीर, आणि तेवढ्यात जे बसेल ते: वांगी, मेथी, पालक, सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात) आणि दसऱ्या-दिवाळीसाठी झेंडू. मी आठवीत असताना बाबा गेले. दादा तेव्हा दहावीला होता. निकाल लागला, तो चांगल्या गुणांनी पास झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायसोबत मेथीच्या जुड्या बांधायला बसला. मला म्हणाला, "तू शिक. आपल्या घरात एकानं तरी कागद वाचाले पाह्यजे."

मी अमरावतीला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाले, मग बी.एड. झाले, आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. वसतिगृहात दर महिन्याला दादाची पिशवी यायची. वर भाजी, खाली मायने दिलेला डबा. वांग्यांचे देठ तो अर्धे कापून पाठवायचा, म्हणजे काटे माझ्या हाताला लागू नयेत.

असा माणूस आजारी पडला तेव्हा आम्हाला तो आजार आहे हे कळायलाच वेळ लागला. एका बाजाराच्या दिवशी त्याने बाळापुरात गाडीभर वांगी फुकट वाटून टाकली. हाका मारमारून, हसत. लोक पिशव्या घेऊन धावले. मग तीन-चार दिवस तो झोपलाच नाही. झेंडू परदेशात पाठवायचा, विहिरीत मोती पिकवायचे, गावाला कमान बांधायची, असं अखंड बोलत राहिला. माय म्हणायची, "पोट्ट्याच्या अंगात काय संचारलं वो." आणि महिनाभराने सगळं उलटं झालं. तो पाटाला पाणी सोडायचा आणि बांधावर बसून राहायचा. पाणी वाफे सोडून शेजाऱ्याच्या शेतात शिरायचं, तरी उठायचा नाही. एकदा मी विचारलं, "दादा, काय होते?" तो म्हणाला, "काहीच होत नाई. तेच तं."

अकोला आम्हाला जवळ. पण अकोल्यात पाव्हण्या-रावळ्यांपैकी कोणीतरी भेटतंच. म्हणून मी त्याला अमरावतीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आजार समजावून सांगितला, लिथियमच्या गोळ्या दिल्या आणि मायला विचारलं, "आणखी काही देता का त्याला? काढा, चूर्ण, कोणाची पुडी?"

मायने एका माणसाकडून पुडी आणलीच होती. तिने कमरेच्या पिशवीतून काढून दाखवली. डॉक्टरांनी वास घेतला, हसले नाहीत. म्हणाले, "यात काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही. देणाऱ्यालाही माहीत असेल असं नाही. काही लोक यात आमच्याच गोळ्या कुटून घालतात. ही नको."

"अन् डोक्याले तेल? ब्राह्मीचं?"

"चोळा की. आईने डोक्याला तेल चोळल्याने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही."

मला ते डॉक्टर त्या एका वाक्यामुळे आवडले. माझ्या मनात मात्र त्याचा चुकीचा अर्थ पक्का बसला: जे पोटात जातं आणि औषध म्हणवतं, तेवढं विचारायचं. बाकीचं आपलं आपण करावं.

गोळ्यांसोबत एक छापील इंग्रजी पत्रक मिळालं होतं. घरी आल्यावर अंगणात बाजेवर बसून मी ते दोघांना वाचून दाखवलं. गोळी चुकवायची नाही, हात थोडा थरथरेल, पाणी भरपूर प्यायचं, जेवणखाण नेहमीसारखं ठेवायचं, ठरल्या वेळी रक्त तपासायचं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. घरात एवढा आजार, आणि मला बरं वाटत होतं. कारण दादाने सांगितला होता तो कागद वाचणारा माणूस मी झाले होते.

गोळ्या लागू पडल्या. तीन-चार महिन्यांत दादा पुन्हा पहाटे उठून भाजी काढू लागला. दीड वर्ष असं चांगलं गेलं. मग बार्शीटाकळीकडचं एक स्थळ आलं. मुलगी पसंत, मुलगा पसंत, बोलणी झाली. आम्ही गोळ्यांचं लपवलं नव्हतं, फक्त अजून सांगितलं नव्हतं. ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलं. मुलीचा मामा घरी आला, आमच्या ओट्यावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "पोरगा लाखात एक हाये बाई. पन गोळ्यायवरचा हाये." एवढंच. पेला खाली ठेवून तो निघून गेला.

दादा त्या वेळी आत सांबाराच्या जुड्या बांधत होता. त्याने ऐकलं हे आम्हाला माहीत होतं. त्याने जुड्या बांधून पूर्ण केल्या.

त्या दिवसापासून मायला एकच ध्यास लागला. गोळ्या सुटल्या पाहिजेत.

गुढीपाडव्याला मी घरी आले तेव्हा तेल्हाऱ्याची मावशी येऊन बसली होती. मावशी म्हणजे मायची मोठी बहीण, तोंडाने फटकळ, मनाने आमच्यासाठी झिजणारी. तेल्हाऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारा डोक्याच्या आजारावर पथ्य सांगतो, हे ती घेऊन आली होती.

"औषध देत नाई, पैसा घेत नाई," मावशी म्हणाली. "निस्तं पथ्य. सव्वा महिना मीठ नाई. मीठ रक्त तापवते, तापलेलं रक्त डोक्यात जाते. सूर्य निघाच्या अगुदर उठून बांधाबांधानं चालाचं. घरातल्या एकानं त्याच्यासंग बसून तेच अळणी खायाचं, लेकराले एकटं वाटू नये मनून. अन् बाहेर कोनाले सांगाचं नाई. सांगलं का गुण गेला."

ही शेवटची अट आमच्याकडे नवी नाही. काविळीचं मूळ देणारा, विंचवाचं उतरवणारा, सगळे हेच सांगतात. लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा मलाही असंच दंडाला मूळ बांधलं होतं, आणि मी शाळेत कोणाला दंड दाखवला नव्हता.

मावशी माझ्याकडे वळली. "आता बोल ना बाई. तू शिकलेली. का आमी अडाणी बायाच बोलून राह्यलो?"

माय नुसती माझ्याकडे बघत होती. पंधरा वर्षांपूर्वी बाबांच्या औषधांच्या वेळी ती दवाखान्यातल्या प्रत्येकाकडे अशी बघायची. आता ती माझ्याकडे तशी बघत होती.

मी विचार केला. केला असं मला तेव्हा वाटलं. पुडी नाही, काढा नाही, भस्म नाही. पोटात काही जायचं नाही, उलट कमीच जायचं. मी म्हणाले, "गोळी एकही दिवस चुकवायची नाही. ही अट मान्य असेल तर करा. आणि मीठ काय, मिठाने बीपी वाढतो. कमी खाल्लेलं बरंच."

"पाय!" मावशीने मांडीवर थाप मारली. "सायन्सवालीबी हाव म्हनते."

मायच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, मी आज घरासाठी काहीतरी केलं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

दुसऱ्याच दिवसापासून अळणी सुरू झालं. दादासोबत जेवायचं मायने स्वतःकडे घेतलं. मिठाची बरणी तिने चुलीजवळून उचलून फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवली. ज्वारीची भाकर, अळणी वरण, अळणी बेसन, मिठाशिवायचा ठेचा. मी अमरावतीला परतले, परीक्षा आणि पेपर तपासणीत बुडाले. रोज फोन व्हायचा.

"कसं चाललं?" मी विचारायची.

"तुया शाळेतल्या भाषनासारखं जेवन सुरू हाये," दादा म्हणायचा. "लंबं, अन् चव नाई."

तो विनोद करत होता. किती दिवसांनी! मागून मायचा आवाज यायचा, "हसून राहिला व्हय, मीबी तेच गिळून राहिली." दोघं पहाटे उठून नदीकडच्या बांधाने चालून यायचे, मग एकाच ताटलीतून भाकर खायचे. दिवे लागले की दादा लवकर झोपायचा. पहिले तीन आठवडे त्याला खरोखर बरं वाटत होतं. आम्ही सगळ्यांनी ते मिठाच्या खात्यावर घातलं.

चैत्र संपत आला आणि ऊन चढलं. अकोल्याकडचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. सकाळी दहाला वाफ्यातली माती तव्यासारखी होते. दादा त्या उन्हात काम करत होता, घाम गाळत होता.

एके दिवशी मायचा फोन आला. "त्याचे हात लय थरथरून राहिले वो. मेथीची जुडी बांधता येत नाई त्याले. अन् सकायपासून वांत्या, ढाळ."

"ऊन लागलं असेल," मी म्हणाले. "कांद्याचा रस दे. पन्हं दे."

"देल्लं. गुळाचं देल्लं, मीठ न घालता."

"मीठ-साखरेचं पाणी दे ना मग," मी सवयीने म्हणाले. पलीकडून माय हळूच म्हणाली, "मीठ?"

ते मीठ-साखरेचं पाणी मी दरवर्षी सातवीच्या मुलांना वर्गात करून दाखवते. भांडं, चमचा, पाणी, सगळं घेऊन जाते. चिमटीत मीठ किती घ्यायचं ते एकेकाच्या बोटांवर बघते. आणि त्या दुपारी मी फोनवर म्हणाले, "बरं, नुसतं साखरपाणी दे. नऊ-दहाच दिवस राहिलेत ना."

मागून, पुन्हा येऊन राहिलेल्या मावशीचा आवाज ऐकू आला, "भेऊ नको. आजार निघून राहिला. निघताना तरास देतेच थो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंगणात दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. जीभ जड झाली. शेजारचा माणूस कुंपणावरून ओरडला, "काहून बे, सकायीच घेतली का?" आणि मग जवळ येऊन बघितल्यावर तो घाबरला. दादाने आयुष्यात थेंब घेतला नाही हे त्याला माहीत होतं. त्यानेच भाजीच्या टेम्पोत मागे चादर अंथरली, मायला आणि दादाला बसवलं आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. निघताना मला फोन केला. त्या दिवशी अमरावती-अकोला बसमध्ये मी प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरून बसले होते. त्यात सगळे कागद होते: चिठ्ठ्या, रक्ताचे जुने अहवाल, ते पत्रक. फाईल हातात आहे म्हणजे मी काहीतरी करू शकेन, असं वाटत होतं.

मी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दादा खाटेवर होता. डोळे अर्धे उघडे, मला ओळखलं की नाही कळलं नाही. हात चादरीवर आपोआप उडत होते. माय पायथ्याशी जमिनीवर बसली होती. एक तरुण डॉक्टरीण होती, वयाने माझ्याहून लहान असावी. तिने फाईल घेतली, गोळीचं नाव बघितलं आणि लगेच माझ्याकडे मान वर केली.

"डोस कोणी वाढवला?"

"नाही. ठरलेलाच आहे."

"चुकून दोनदा घेतली?"

"आई स्वतः मोजून देते."

"दुखण्याच्या गोळ्या? पाठदुखी, गुडघेदुखी, काही? बीपीची गोळी? लघवीची?"

"नाही."

"आणखी काही? आयुर्वेदिक, काढा, पुडी, झाडपाला? लपवू नका. मी रागावणार नाही."

"नाही," मी म्हणाले. "आम्ही असलं काही देत नाही."

हे मी स्पष्ट, शुद्ध मराठीत म्हणाले. त्यात थोडी ऐट होती, आता आठवलं की ती मला ऐकू येते. आणि ते खोटं नव्हतं. मला मीठ आठवलंच नाही असंही नाही. आठवलं. पण ते तिच्या यादीत बसत नव्हतं. औषध नव्हतं, गोळी नव्हती. शिवाय आपण शिकलेल्या, आणि भावाला म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून अळणी खाऊ घातलं हे त्या पोरीसमोर कबूल करायचं? ही गोष्ट माझ्या मनात आली होती. ती मी इथे लिहिली नाही तर बाकी लिहिण्याला अर्थ नाही.

डॉक्टरीण परिचारिकेकडे वळली. रक्त काढायला सांगितलं. तेवढ्यात माय जमिनीवरून उठली. पदर हातात गच्च धरलेला.

"बाई," ती म्हणाली, "त्याचं मीठ बंद हाये."

"काय?"

"मीठ. खात नाई थो. महिना होत आला. माह्या बहिनीनं पथ्य आनलं होतं. सांगाचं नव्हतं, पन सांगतो."

डॉक्टरीण वळली. "अजिबात नाही?"

"चिमूटभर नाई."

"आणि उन्हात काम?"

"रोजचं."

तिने परिचारिकेला भराभर काही सूचना दिल्या. गोळी बंद, सलाईन लावायचं, लिथियमची पातळी तातडीने पाठवायची. मग ती मायसमोर उभी राहिली. माझ्यासमोर नाही. "मावशी, बरं झालं सांगितलंत. शरीराला मीठ मिळेनासं झालं की किडनी असेल नसेल तेवढं मीठ धरून ठेवते. ही गोळी तिला मिठासारखीच वाटते. मिठासोबत ती गोळीही धरून ठेवते, बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही दिली रोज तेवढीच, पण आत साठत गेली. वरून ऊन, घाम, ढाळ. तिचंच विष झालं."

"पन मीबी तेच खाल्लं बाई. त्याच्याच ताटात. मले तं काई झालं नाई."

"तुम्ही ही गोळी घेत नाही ना."

माय जाऊन दादाच्या पायथ्याशी बसली.

नंतर व्हरांड्यात, पाण्याच्या माठाजवळ, मी तिच्याशेजारी बसले. मला रडू येत होतं आणि ती रडत नव्हती. ती म्हणाली, "गेला आता गुण. एकोनतीस दिवस झाले होते. सांगून टाकलं मी."

तिचा त्या पथ्यावर तेव्हाही विश्वास होता. दादाच्या गोळ्या सुटतील, लग्न होईल, अंगणात नातवंडं खेळतील, हे सगळं त्या न बोलण्यात बांधून ठेवलं होतं, आणि तिने ते माझ्यादेखत सोडून दिलं. मला वाचवायची होती ती नुसती अब्रू. तीही मी सोडली नव्हती.

"माय," मी म्हणाले, "मी हो म्हणाले होते."

"हाव म्हनाली होती," ती म्हणाली. पदराने माझं तोंड पुसलं. "जाऊ दे. पोट्टा राह्यला पाह्यजे."

संध्याकाळी दादाच्या उशाशी बसून मी फाईल उघडली. पत्रक काढलं, पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटून तिसरी ओळ होती: जेवणातलं मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण बदलू नका. त्या दिवशी बाजेवर बसून मी तिचं 'जेवणखाण नेहमीसारखं ठेवायचं' असं करून टाकलं होतं. मिठावाचून कोण जेवणार, असं वाटलं असावं. ज्या घरात उपास, नवस, पथ्यं वर्षभर चालतात त्या घरात वाढून मला तसं वाटलं.

दोन दिवस दादा झोपेत-जागेत होता. रक्तातली पातळी फार वाढली होती. डॉक्टरीण दर फेरीला त्याला बोट नाकाला लावायला सांगायची आणि त्याचं बोट गालाला, कानाला, हवेत जायचं. किडनीला किंवा मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी ते मायला सांगितलं. या वेळी एकही शब्द न गाळता. माय दिवसभर त्या बोटाकडे बघत बसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोट नाकाच्या शेंड्याला लागलं. जेवणात खिचडी आली होती. मायने घास भरवला. दादाने तो तोंडात घोळवला, गिळला, आणि जड जिभेने पण स्पष्ट म्हणाला, "खारट हाये."

मायने ताट खाली ठेवलं आणि आल्या दिवसापासून पहिल्यांदा रडली.

त्याला बरं व्हायला महिना लागला. पण इजा राहिली नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी डोस कमी करून औषध पुन्हा सुरू केलं, रक्ततपासणीच्या तारखा जवळ आणल्या. मी त्यांना सगळं सांगितलं: पत्रकाची ओळ, फोनवरचं साखरपाणी, अकोल्यातला माझा नकार. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गोळ्या चालू ठेवायला लावल्या ते बरोबरच केलं. एकदम बंद झाल्या असत्या तर दुसऱ्या बाजूने कोसळला असता. चूक न विचारण्यात झाली. आता ते पथ्य मला सबंध सांगा."

मी सांगितलं. ते बोटांवर मोजत गेले.

"पहाटे उठून चालणं. ते चालू ठेवा. आईने रोज सोबत बसून जेवणं. तेही ठेवा, ते तर चिठ्ठीवर लिहून देता येत नाही याचं वाईट वाटतं. झोपेची वेळ पक्की झाली, ती ठेवा. मीठ परत घाला. आणि कोणाला सांगू नये म्हणतात ना, तरी एवढं करा, माझ्यापासून लपवू नका."

माय शेजारी होती. तिने विचारलं, "मंग त्याले तीन हप्ते बरं वाटलं थे कायनं?"

"मला वाटतं, तुमच्यामुळे," डॉक्टर म्हणाले. "पण ते तपासायला माझ्याकडे यंत्र नाही."

मावशी पंधरा दिवस आमच्याकडे फिरकली नाही. मग एका दुपारी लिंबांची पिशवी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. माय तिला म्हणाली, "उभी काहून हायेस? बस. अन् एक काम कर. त्या बुढ्याले जाऊन सांग, कोनाले मीठ सोड म्हनाच्या अगुदर इचारत जाय मना, गोळ्या कोनत्या चालू हायेत. एवढं इचारलं तं काई गुण जात नाई."

मावशी गेली होती. म्हाताऱ्याने ऐकून मान हलवली, असं तिने सांगितलं. तो आता विचारतो की नाही, मला माहीत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरीच होते. मिठाची बरणी चुलीजवळ परत आली होती. एका सकाळी वरण उकळत असताना मी पाहिलं, मीठ घालायच्या आधी मायने वाटीभर वरण काढून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तिचा हात धरला.

"माय, हे काय करून राहिली?"

"उरलेले दिवस करून राहिली. सव्वा महिना पुरा नव्हता झाला. त्याचे मी करतो."

इतकं होऊनही! मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "अशी पाहू नको माह्याकडं. इचारलं मी."

"कोणाला?"

"अकोल्याच्या डाक्टरीनबाईले. सुट्टी देल्ली त्या दिवशी, तू गोळ्या आनाले गेली होती तवा. म्हनलं, बाई, त्याचं ऱ्हायलेलं मी करू का? तिनं माहा बीपी पायला, मले कोनत्या गोळ्या हायेत का थे इचारलं. म्हने, उन्हाळा हाये, नाई केलं तं बरं. पन कराचंच असन तं नऊ दिवस कर, ताक पानी पीत जाय, चक्कर आली का त्याच दिवशी सोड."

"मला का नाही सांगितलं?"

"तू हाव म्हनाली असती," माय म्हणाली, "नाईतं नाई म्हनाली असती. मले इचाराचं होतं."

बाहेरून दादा बांधावरून फिरून आला. पाय धुतले, ताटासमोर बसला. मायने त्याच्या वरणात मीठ घातलं, ढवळलं, चव बघायला चमचा माझ्याकडे दिला. तिला स्वतःला ती बघता येत नव्हती. मी चव घेतली. बरोबर होतं. मग ती आपली अळणी वाटी घेऊन दादाच्या शेजारी बसली.